एक वीत, अकरा वर्षं

मार्च सरता सरता सकाळी नऊच्या सुमारास मी परसाच्या पार टोकाला जाते, हॉर्नबीमच्या झाडाखाली गोणपाट टाकते आणि त्यावर गुडघे टेकून बसते. लंडनच्या या वायव्य कडेची माती चिकण. हिवाळाभर प्यालेलं पाणी तिच्यात अजून मुरलेलं असतं आणि गोणपाट असूनही पाच मिनिटांत गार ओल गुडघ्यांना लागते. त्या वेळी समोर उमललेलं असं काहीच नसतं. वीतभर उंचीचे बारीक लालसर देठ, प्रत्येकाच्या वरच्या अंगाला तीन पानांचं कडं, आणि त्याच्याही वर मान खाली घालून मिटलेलं एकेक फूल. पाठीवर जांभळट गुलाबी छटा. रात्रीच्या गारठ्याने सगळी अंग चोरून उभी.

मग शेजारच्या घराच्या कौलांवरून ऊन खाली उतरतं. हॉर्नबीमला तेव्हा एकही पान नसतं, नुसत्या करड्या फांद्या. त्यामुळे ऊन थेट जमिनीवर पोचतं, वाटेत त्याला अडवायला कुणी नसतं. पहिली मान हलते तो क्षण मला इतक्या वर्षांत एकदाही पकडता आलेला नाही. मी उजवीकडे बघत असते तोवर डावीकडची दोन-चार वर झालेली असतात. अर्ध्या-पाऊण तासात चौदा फूट लांबीचा तो सगळा पट्टा पांढरा होतो. सगळी तोंडं उन्हाकडे. आभाळ भरून आलं की पुन्हा मिटतात, पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधीच. या फुलाचं नाव वूड अ‍ॅनेमनी. वर्षातले नऊ महिने त्याचा जमिनीवर मागमूसही नसतो.

ग्रीक भाषेत ‘अ‍ॅनेमॉस’ म्हणजे वारा. प्लिनीने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की वारा सुटल्याखेरीज अ‍ॅनेमनी उमलत नाही, आणि इंग्रजीतही तिला ‘विंडफ्लॉवर’, वाऱ्याचं फूल, असंच म्हणतात. गोणपाटावर बसून मी जे पाहिलं त्यात वाऱ्याचा हात कुठे दिसला नाही. उघडणं-मिटणं सगळं उजेडाच्या हातात आहे. तरी नाव खोटं वाटत नाही. देठ इतके नाजूक की मला गालावर जाणवतही नाही अशा झुळकीने सगळा पट्टा एका अंगाला कलतो आणि परत सरळ होतो. नावाचा दुसरा अर्धा भाग लिनियसचा. १७५३ साली त्याने तिला ‘नेमोरोझा’ म्हटलं, म्हणजे राईतली. लॅटिनमधला ‘नेमुस’ हा शब्द रोमन लोक डायनादेवीच्या राईलाही वापरत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या रोह्याकडच्या देवराया आठवल्या, जिथे वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असं आजीने बजावलेलं असायचं.

फूल हातात धरून निरखलं तर आणखी एक गोष्ट कळते. ज्या सहा-सात पांढऱ्या पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नाहीतच. ते निदल आहेत, इतर फुलांत कळीभोवती जे हिरवं आवरण असतं तेच, इथे पांढरं होऊन पाकळ्यांचं काम करणारं. पावसाळा संपताना सह्याद्रीच्या झुडपांवर पांढरी पसरते ती मोरवेल याच कुळातली, आणि तिलाही पाकळ्या नाहीत. अ‍ॅनेमनीत मधही नसतो. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो आणि तो फक्त पराग देतो. मार्चमध्ये बाहेर पडणाऱ्या मधमाश्यांना आणि फुलमाश्यांना तेवढं पुरत असावं, कारण ऊन असलं की त्या येतात, एकेका फुलावर थोडा वेळ रेंगाळतात आणि मांड्या पिवळ्या करून जातात.

हे घर आम्ही २०१२ च्या नोव्हेंबरात घेतलं. १९३४ चं बांधकाम, एका भिंतीला दोन घरं, पुढे हातभर अंगण आणि मागे लांबच लांब चिंचोळं परस. परसाचा शेवटचा तिसरा हिस्सा पूर्ण सावलीत: एक म्हातारा हॉर्नबीम, शेजारच्या हद्दीतून आमच्याकडे झुकलेला ओक, आणि मागच्या बाजूने मातीचा बुटका बांध, त्यावर वेडीवाकडी कुंपणाची झाडं. घर दाखवणारा माणूस म्हणाला होता, ‘‘तिथे काही उगवत नाही. लोक तिथे फळ्या टाकतात किंवा शेड उभारतात.’’ नोव्हेंबरात पाहिल्यावर आम्हालाही ते पटलं. शेडचा भावसुद्धा काढून ठेवला होता.

पुढच्या वर्षीचा मार्च फार थंड गेला. २०१३ चा तो मार्च इथल्या लोकांना अजून आठवतो. महिना संपत आला तरी बर्फ पडत होतं. शेडचं काम त्यामुळे लांबलं, आणि त्या लांबण्याचे उपकार मी आजही मानते. एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी कपडे वाळत घालताना मला परसाच्या टोकाला बांधाच्या पायथ्याशी पांढरं काहीतरी दिसलं. जवळ गेले. शेकडो फुलं. कुणी लावलेली वाटावीत अशी ओळीत नव्हती. बांधाच्या कडेकडेने पसरली होती, दोन ठिकाणी मुळ्यांना वळसा घालून पुढे गेलेली. मी कपड्यांची बादली तिथेच ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे.

कुंपणापलीकडे तेव्हा एक ऐंशी ओलांडलेल्या बाई राहायच्या. आता त्या नाहीत. १९५०च्या दशकात लग्न होऊन त्या घरात आलेल्या. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मी आले तेव्हाही ती होती. माझ्या सासऱ्यांनी हे घर नवंकोरं घेतलं, तेव्हाही होती म्हणत.’’ मग कुंपणावरून वाकून त्यांनी माझ्याकडचं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं. उग्र, काहीसा जनावराच्या अंगाचा वास. काही भागांत याला ‘स्मेल फॉक्स’ म्हणतात, कोल्ह्याच्या वासाचं. ‘‘आणि फुलं तोडून घरात नेऊ नकोस,’’ त्या म्हणाल्या, ‘‘दारापर्यंत पोचेस्तोवर मान टाकतात.’’ मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली होती तरी मी त्यांच्याशी तासभर बोलत राहिले.

शेड झाली नाही हे वेगळं सांगायला नकोच.

अ‍ॅनेमनीबद्दल जे काही हाती लागेल ते मी त्या उन्हाळ्यात वाचलं. त्यातला एक आकडा मनात रुतून बसला: जंगलात ती शंभर वर्षांत सुमारे सहा फूट पसरते. जमिनीखाली तिचं बारीक, काळपट, हळकुंडाच्या धाकट्या भावासारखं खोड आडवं सरकत असतं, वर्षाला पाऊण इंच, फार तर इंचभर. बी धरतं, पण या देशात त्यातलं फार थोडं रुजतं. त्यामुळे उडून जाणं, पाखरांच्या पोटातून दूर जाणं, हे तिच्या नशिबात नाही. जिथे आहे तिथून ती चालते, आणि तीही अशी.

मी टेप घेऊन गेले. पट्ट्याची लांबी चौदा फूट, रुंदी पाच. एका जागेपासून सुरुवात होऊन दोन्ही अंगांना सारखी पसरली असं धरलं तर प्रत्येक बाजूला सात फूट. म्हणजे एकशे सोळा-सतरा वर्षं. घराच्या आधीची. १९०४ साली मेट्रोपॉलिटन रेल्वे आमच्या या राइस्लिपला आली, तिच्या मागोमाग शेतं विकली गेली आणि ही घरांची रांग उठली, त्या सगळ्याच्या आधीची. हिशेब कच्चा आहे याची मला कल्पना आहे. सुरुवात एका जागेऐवजी पाच जागांहून झाली असेल, बांधाच्या मातीत ती दुप्पट वेगानेही सरकली असेल. पण मागचा तो बुटका बांध आणि त्यावरची वाकडी झाडं ही शेताची जुनी हद्द होती हे जुन्या नकाशात दिसतं, आणि त्या हद्दीच्या पलीकडे कधीकाळी रान होतं. घरं आली, रस्ता आला, रानाची कड मात्र पाच फुटांची का होईना, आमच्या कपड्यांच्या दोरीमागे उरली.

उरलेलं रान फार लांब नाही. राइस्लिपचं जंगल आमच्यापासून चालत पंचवीस मिनिटांवर आहे: पार्क वूड, कॉप्स वूड, मॅड बेस वूड, बेहर्स्ट वूड, अशी चार रानं मिळून. १९९७ साली त्याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. १०८६ च्या डूम्सडे बुकात राइस्लिपची नोंद करताना तिथे रानटी जनावरांसाठी राखलेलं रान असल्याचं लिहिलेलं आहे. इंग्लंडात ज्या जमिनीवर १६०० सालापासून आजवर सलग झाडी आहे तिला प्राचीन रान म्हणतात, आणि अ‍ॅनेमनी हे अशा रानाच्या ओळखखुणांपैकी एक. ऑलिव्हर रॅकम या अभ्यासकाने आयुष्य इथली रानं पायी तुडवण्यात घालवलं. १९८६ सालचं त्यांचं ‘द हिस्ट्री ऑफ द कंट्रीसाइड’ वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की रान म्हणजे मोठी झाडं एवढंच नसतं. झाड पन्नास वर्षांत उभं करता येतं. खालची जमीन, तिच्यातली बुरशी, तिच्यात सरकणारी ही काळपट खोडं, यांना तेवढ्यात आणता येत नाही. एकदा नांगर फिरला की अ‍ॅनेमनी संपली, आणि शेजारी रान असलं तरी तिथून परत यायला तिला शतकं लागतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिकडे जातो. तिथला हॉर्नबीम उंच एकखोडी नसतो. बुंध्याशी तोडलेला, आणि त्या खुंटातून पाच-सहा धुमारे वर गेलेले, अगदी उसाच्या खोडव्यासारखे. ठरावीक वर्षांनी एकेका तुकड्यातली झाडं अशी बुडाशी तोडायची, लाकूड जळणाला न्यायचं, खुंट पुन्हा फुटू द्यायचा, अशी ती शेकडो वर्षांची रीत. रायगडात ऐन-किंजळीच्या टाहाळ्या उतरवून भाताच्या राबासाठी नेतात, झाड मरत नाही, पुन्हा पालवतं. ते पाहिलेलं असल्याने मला हे ओळखीचं वाटलं. जिथे तोड झाली त्या तुकड्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अ‍ॅनेमनी अशी काही फुलते की पाय ठेवायला जागा नसते. उजेड मिळालेला असतो. मग खुंटांचे धुमारे वाढतात, सावली दाटते, फुलं कमी होतात, पण झाड जातं असं नाही. पानांवर तग धरून पुढच्या तोडीची वाट पाहतं. माणसाची कुऱ्हाड आणि फुलाचा बहर यांचं असं जुळलेलं गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जळणाला कोळसा आणि वायू आल्यावर पुष्कळ रानांतली तोड थांबली, आणि लोकांना वाटलं की आता फुलांना बरं झालं. तसं झालं नाही.

राइस्लिप हे पूर्वीच्या मिडलसेक्स परगण्यातलं. प्रशासनाच्या कागदांवरून तो परगणा १९६५ साली पुसला गेला. बहुतेक भाग लंडनात मिसळला. तरीही या शतकाच्या सुरुवातीला प्लांटलाइफ या संस्थेने प्रत्येक परगण्याचं फूल लोकांकडून निवडून घेतलं तेव्हा मिडलसेक्सलाही एक फूल मिळालं, आणि ते हेच. जो परगणा नकाशावर नाही त्याचं फूल माझ्या बांधाशी फुलतं, याचा मला फार आनंद आहे.

आता लावण्याबद्दल.

जुना पट्टा होता तसा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, हे मी ठरवलं होतं. पण हॉर्नबीमच्या दुसऱ्या अंगाला तेवढीच सावलीची जागा रिकामी होती, आणि तिथे मला स्वतः लावून बघायचं होतं. २०१३ च्या शरदात एका दुकानातून वीस खोडांचं पाकीट आणलं. पाकिटात वाळक्या काड्या, वर-खाली काही कळू नये अशा. रात्रभर पाण्यात भिजवल्या, आडव्या ठेवून दोन बोटं खोल पुरल्या. वसंतात दोन उगवल्या. अ‍ॅनेमनीच्या खोडाला वाळणं सोसत नाही, हे मग शिकले. दुकानात कोरड्या भुश्यात महिनोन् महिने पडलेली खोडं जिवंत राहिली तर ते नवलच. रानातून उपटून आणणं हा मार्ग मुळातच नव्हता. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानझाड उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी शंभर वर्षांचे सहा फूट कुणी कुदळीने उचलावेत?

२०१४ च्या एप्रिलात एका छोट्या रोपवाटिकेतून कुंडीत वाढलेली, पानाफुलांवर असलेली रोपं आणली. सहा साधी पांढरी आणि तीन ‘रॉबिन्सोनियाना’. ही दुसरी फिक्या निळसर जांभळ्या रंगाची, आतून धुवट, बाहेरून राखी. विल्यम रॉबिन्सन या माळ्याला ती ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात दिसली आणि त्याचं नाव तिला लागलं. हा रॉबिन्सन मूळचा आयर्लंडचा. राणी व्हिक्टोरियाच्या काळात बागा म्हणजे गालिच्यासारखे आखीव वाफे आणि काचघरातून आणून दर हंगामाला बदलायची रोपं. १८७० साली त्याने ‘द वाइल्ड गार्डन’ लिहिलं आणि म्हटलं की जी झाडं इथल्या हवेत आपली आपण टिकतील ती गवतात, झाडांखाली, सावलीत लावा आणि मग त्यांच्या वाटेला जाऊ नका. पुढे ससेक्समधल्या ग्रेव्हटाय मॅनर इथे त्याने ते स्वतः करून दाखवलं. सावलीचा तुकडा वाया गेलेला नसतो हे जे मला एका थंड मार्चने शिकवलं ते त्याने दीडशे वर्षांपूर्वी पुस्तकात लिहिलं होतं.

‘व्हेस्टल’ नावाची एक दुहेरी जात मिळते, मध्ये पांढऱ्या पाकळ्यांचा घट्ट गुच्छ. फार सुरेख. मी घेतली नाही. त्या गुच्छाच्या जागी पुंकेसर असायला हवेत, आणि मार्चमध्ये माझ्याकडे येणाऱ्या माशीला गुच्छाचा उपयोग नाही. निळी मी हॉर्नबीमच्या पलीकडे, पायवाटेच्या दुसऱ्या बाजूला लावली, म्हणजे जुन्या पट्ट्याजवळ ती कधी पोचणार नाही. निदान माझ्या नातवंडांच्या हयातीत तरी नाही.

लावण्यातलं खरं काम मातीचं. इथल्या चिकणमातीत खोडं उन्हाळ्यात आवळली जातात आणि हिवाळ्यात पाण्यात बसतात. त्यावर उपाय एकच, पातेरा. कोकणात झाडाखालच्या वाळक्या पानांना आम्ही पातेरा म्हणतो. आजी तो फेब्रुवारीत टोपलीभर गोळा करायची, शेणाबरोबर पसरून राब भाजायला. भाजलेल्या राबाचा तो धुरकट गोडसर वास माझ्या नाकात अजून आहे. इथे पातेरा जाळायचा नसतो, कुजवायचा असतो. जाळीचा एक गोल पिंजरा केला, कमरेएवढा. नोव्हेंबरात हॉर्नबीमची आणि ओकची पानं त्यात दाबून भरते, पावसाने भिजू देते, आणि विसरते. दोन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी पानं नुसती पानंच असतात, ओली आणि काळी पडलेली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पिंजऱ्याच्या तळाशी हात घातला की मऊ, भुसभुशीत, गडद तपकिरी काहीतरी मुठीत येतं. त्याला कुजक्याचा वास नसतो, पहिल्या पावसानंतरच्या जंगलाचा असतो. ते चार बोटं जाडीने अंथरायचं आणि जमीन खणायची नाही. खुरपं तर नाहीच. खोडं इतकी वरवर असतात की खुरप्याचा एक फटका आणि दहा वर्षांची चाल तुटते.

तुटते म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. २०१७ च्या जुलैमध्ये मागचं लाकडी कुंपण बदलायला माणसं आली. मी कामावर होते. जुलैत तिथे उघडी जमीन, वर थोडा पाचोळा; अ‍ॅनेमनीचं पानही नसतं. त्यांनी खांबांसाठी तीन खड्डे घेतले, तेही नेमके जुन्या पट्ट्यात, आणि उकरलेली माती उरलेल्या पट्ट्यावर ढीग घालून ठेवली. संध्याकाळी मी आले तेव्हा ढिगातून खोडांचे तुकडे डोकावत होते. बाहेरून काळपट, तुटलेल्या जागी पांढरेशुभ्र, बोटाच्या पेराएवढे. मी त्या माणसांना काही बोलले नाही. मीच सांगून ठेवलं नव्हतं. उन्हाळ्याची लांब संध्याकाळ होती. मुलगी आणि मी दोघींनी ढीग मूठमूठ चाळला आणि तुकडे ओल्या फडक्यात गोळा केले. दहा वाजता अंधार पडला तेव्हा विजेरी लावून उरलेले पुरले, जिथून आले असावेत असं वाटलं तिथेच. मुलगी तेव्हा लहान होती. ती प्रत्येक तुकडा ठेवताना विचारायची, ‘‘आई, हा आडवाच ना?’’

दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांना बारीक पुरळ आलं. या झाडाचा रस तिखट असतो. पान किंवा खोड चुरडलं की त्यात एक दाहक द्रव्य तयार होतं आणि कातडीला लागलं तर आग होते. गुरंही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्या रात्री रोह्याला आईशी बोलताना मी हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, ‘‘मग शेवळासारखंच की गं. हाताला आमसूल चोळ.’’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवळं ही रायगड-ठाण्याकडची पहिल्या पावसाची रानभाजी. वर्षभर कंद जमिनीत असतो, वर काही नाही. मृगाच्या आगेमागे, पान यायच्या आधी, जमिनीतून जांभळट तपकिरी कोंब सरळ वर येतो, आणि पंधरा-वीस दिवसांत संपतो. तोही झाडांखालचाच, आणि खाजरा. काकडाची आंबट फळं घातल्याखेरीज ती भाजी कुणी शिजवत नाही. कातकरणी जुड्या बांधून बाजारात आणून बसतात आणि आई दरवर्षी पहिली जुडी घेतल्याशिवाय राहत नाही. दोन झाडांचं नातं नाही, कूळही वेगळं. पण जमिनीखाली वाट पाहत राहायचं, वरच्या झाडांनी छप्पर घालायच्या आत जे काय ते उरकायचं, आणि कुणी खाऊ नये म्हणून अंगात तिखटपणा बाळगायचा, हे दोघांचंही. एकाचं दार पाऊस उघडतो आणि एकाचं उजेड. त्या रात्रीपासून आई फोनवर विचारू लागली, ‘‘तुझं ते शेवळाचं भावंड आलं का वर?’’

२०१८ च्या वसंतात खड्ड्यांच्या जागी फूल एकही आलं नाही. पानं आली, तीही एकेकटी, लहान. तुटलेल्या खोडाला आधी अंगात बळ साठवावं लागतं, मगच ते फुलाचा विचार करतं. दुसऱ्या वर्षीही पानंच. २०२० च्या एप्रिलात, सगळं जग घरात बसलेलं असताना, तिथे सात फुलं आली. आम्ही दोघी रोज सकाळी जाऊन मोजायचो.

मधल्या काळात एक वेगळीच भीती येऊन गेली. २०१९ च्या मार्चमध्ये पट्ट्याच्या मध्यावर, जिथे फुलं विरळ वाटत होती, तिथे मातीतून तपकिरी वाट्या वर आलेल्या दिसल्या. नखाएवढ्या, बारीक देठावर, पणत्या मांडाव्यात तशा. ती डुमोंटिनिया नावाची बुरशी. ती अ‍ॅनेमनीच्या खोडावरच जगते आणि खोड खाऊन टाकते. उकरून काढावी का, याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी नाही काढली. जिथे अ‍ॅनेमनी फार काळ राहिली आहे तिथेच ही बुरशी भेटते. ती दोघं एकमेकांना माझ्यापेक्षा खूप आधीपासून ओळखतात. पट्ट्याचा मधला भाग दोन वर्षं विरळ राहिला आणि मग कडेची खोडं आत सरकली. त्या वाट्या अजूनही एखाद्या वर्षी येतात. आता मी त्यांच्याजवळही गोणपाट टाकते.

मी लावलेल्या सहा पांढऱ्या रोपांपाशी २०१४ साली एकेक पाटी रोवली होती. यंदा, २०२५ च्या एप्रिलात, मुलीने सुट्टीला घरी आल्यावर पाटीपासून शेवटच्या पानापर्यंत अंतर मोजलं. टेप सापडेना, म्हणून हाताने. अंगठा पाटीला टेकवला, करंगळी ताणली. करंगळीखाली शेवटचं पान आलं. एक वीत. विद्यापीठात जाणाऱ्या मुलीची वीत, त्या रात्री विजेरीच्या उजेडात तुकडे लावणारा हात किती छोटा होता हे मला आठवत होतं. निळी थोडी पुढे आहे, वीत आणि चार बोटं. पाचोळ्याच्या खतात ती रानापेक्षा भराभर चालते असं दिसतं.

मे लागला की हॉर्नबीमची पानं उलगडतात, घड्या मोडलेल्या पंख्यासारखी, आणि दहा-बारा दिवसांत वर छप्पर बसतं. खाली हिरवट अंधार. अ‍ॅनेमनीची फुलं तोवर गळलेली असतात, बियांचे खरबरीत गोळे वाकलेले, आणि पानं पिवळी पडू लागतात. इथे बऱ्याच जणांना मी ती पिवळी पानं छाटताना पाहिलं आहे. परस नीटनेटकं दिसावं म्हणून. ते करू नये. त्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत, जेवढा उजेड गाळून खाली येतो तेवढ्यावर, ते खोड पुढच्या वर्षीची कळी आत तयार करत असतं.

मेच्या अखेरीस जमीन उघडी पडायच्या आत मी हेझलच्या काटक्या घेऊन जाते आणि पट्ट्याच्या कडेने हातभर अंतरावर एकेक रोवते, मग नव्या रोपांभोवती. २०१७ च्या त्या खड्ड्यांनंतर दरवर्षी. यंदा एक्केचाळीस काटक्या लागल्या, गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्त. शेवटची रोवत असताना खिशातला फोन वाजला. रोह्याला तेव्हा दुपार झाली होती आणि मागे पागोळ्यांचा आवाज येत होता.

‘‘आली गं शेवळं,’’ आई म्हणाली. ‘‘दोन जुड्या घेतल्या. तुझी?’’

‘‘गेली खाली,’’ मी म्हटलं, ‘‘आत्ताच.’’